रकाना सात

फॉर्म आत सरकवताना ती गुजरातीत बोलली.
मी नाव वाचलं: देवयानी पागेदार, दांडिया बाजार,
आणि मराठीत विचारलं,
"रकाना सात कोरा कसा गं?"
गजांपलीकडे ती हसली,
चोरी पकडली गेल्यासारखी.

कोरा म्हणजे तसा कोरा नव्हता.
उजेडापुढे धरला तर दिसत होतं
मानसशास्त्र, खोडलेलं.
त्याच्यावर तत्त्वज्ञान, तेही खोडलेलं.
खाली एक लांबट शब्द, बहुधा भाषाविज्ञान,
त्यातला 'ष' अजून शाबूत.
तिथला कागद इतका झिजलेला
की माझं बोट पलीकडून दिसावं.

"पाचला खिडकी बंद होते," मी म्हणाले.
साडेचार झाले होते.
घुमटात कबुतरं उगाच एकमेकांवर चिडलेली,
बाजूच्या टेबलावर रमणभाईंचा चहा गार होत होता.

ती सांगत राहिली, मला नाही, काउंटरच्या लाकडाला.
पप्पांचं न्यायमंदिरामागे बॅटऱ्यांचं दुकान.
ते म्हणतात, तुला आवडेल ते घे,
आणि हेच सगळ्यात अवघड.
ओरडले असते तर
निदान उलटी दिशा तरी कळली असती.
हिनलने मानसशास्त्र घेतलं,
तिला म्हणे लहानपणापासून माहीत होतं.
लहानपणी मला फक्त
जिन्याच्या पायऱ्या मोजायला आवडायचं.
त्याचा विषय कुठला, मॅडम?

काल काळ्या घोड्याच्या पुलावर
पन्नासएक माणसं वाकून विश्वामित्रीत बघत होती.
अर्धी म्हणत होती मगर, अर्धी म्हणत होती ओंडका.
"मी पाऊण तास थांबले.
ते हललं नाही.
मला वाटलं, त्याचंही अजून ठरायचं असेल."

हसू आलं मला, आणि मग नाही आलं.

मी काही सांगणार नव्हते.
खिडकीमागच्या बाईने सल्ला देऊ नये;
नियमात तसं लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात.
तरी तोंडातून गेलं:
मी अर्थशास्त्र घेतलं होतं
कारण त्या टेबलापुढची रांग छोटी होती
आणि माझी चप्पल तुटली होती.
एकोणतीस वर्षं झाली.
वाईट झालं नाही. कारेलीबागेत फ्लॅट आहे,
मागणी-पुरवठ्याचा आलेख अजून झोपेत काढीन.
पण कुणी अर्थशास्त्र म्हटलं
की मला आधी ती चप्पल दिसते,
अंगठ्यापाशी उपटलेला पट्टा.

"मग चुकलं का तुमचं?"
तिने असं विचारलं, जसं कुणी विचारतं
पुढची बस किती वाजता.
मला उत्तर येत नव्हतं.
एवढ्या वर्षांत हजारो फॉर्म तपासले,
हा रकाना मला कुणी दाखवलाच नव्हता.

पाच वाजले. शिपायाने पंखे बंद केले.
तिने पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.
मी तिचा फॉर्म टेबलाच्या काचेखाली सरकवला,
रकाना सात वर दिसेल असा.
म्हटलं, उद्या अकराला ये.
पेन्सिल नको आणूस,
हा कागद आणखी एक खोडणं सोसायचा नाही.

ती गेली. पायऱ्या उतरताना
तिने मोजल्या की नाही, कुणास ठाऊक.
माझ्या मात्र मनात आकडे सुरू झाले,
नऊ, दहा, आणि मग रमणभाईंनी हाक मारली.

रोज निघताना मी शिक्क्याची तारीख
एक खाच पुढे फिरवते.
आज नाही फिरवली.
उद्या अकरापर्यंत
या खिडकीत आजच असेल.